दहापैकी नऊ

७ जानेवारी

व्यायामाच्या बाईंनी वही लिहायला सांगितली आहे. रोज गुडघा दहापैकी किती दुखला तो आकडा, आणि दिवसभरात काय केलं त्याच्या दोन ओळी. मी म्हटलं, पाचवीत शाळा सुटली, तेव्हापासून मापं सोडून काही लिहिलेलं नाही. तर म्हणाल्या, "मापच लिहायचंय, आजोबा." आजोबा म्हणे. यांच्या आजीला मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

आजचं माप नऊ.

हाडांच्या दवाखान्यात आम्ही नवराबायको दोघंही गुडघे दाखवायला गेलो होतो. तिथली फरशी ज्याने बसवली त्याच्या हातातून थापी काढून घ्यायला हवी होती. एक फरशी वर, दुसरी खाली, फटींत काळा मळ. मी जन्मभर गुडघ्यांवर बसून फरशा बसवल्या, पण असला गलथानपणा कधी केला नाही. खुर्च्या चिकट. शेजारी बसलेल्या माणसाच्या गुडघ्यातून सुईने पाणी काढलं होतं आणि ते कसं दिसत होतं हे तो प्रत्येकाला रंगवून सांगत होता. तेलासारखं पिवळं, म्हणे. माझा सकाळचा चहा घशाशी आला.

डॉक्टरने फोटो उजेडात धरले. माझ्या दोन हाडांत फट उरलेलीच नाही. हिचा फोटो मात्र बरा. "वयाच्या मानाने छान आहे गुडघा," डॉक्टर म्हणाला, आणि ही चक्क लाजली. या वयात गुडघ्याची तारीफ.

आता त्यांच्याकडे नवीन सोय आली आहे. व्यायाम, वजन, पट्टा, मलम एवढ्यावर कोण बरा होईल आणि कोण होणार नाही, हे कम्प्युटर आधीच सांगतो. जो होणार नाही त्याचे महिने फुकट घालवायचे नाहीत, ऑपरेशनच्या यादीत नाव घालायचं. यादी शब्द ऐकला आणि मी खुर्ची मागे सरकवली.

कम्प्युटरला माहिती द्यायची ती व्यायामाच्या बाईंनी. त्यांनी मला विचारलं, "रात्री झोप लागते का?"

मी तोंड उघडेपर्यंत ही म्हणाली, "त्यांना विचाराल तर इथेच संध्याकाळ होईल. मी सांगते. झोप नाही. कूस बदलतात आणि कण्हतात."

"दुखणं दहापैकी किती?"

"नऊ लिहा. दहा म्हणाले असते, पण दहा त्यांनी ऑपरेशनसाठी राखून ठेवलंय."

"गुडघ्याशिवाय आणखी कुठे दुखतं?"

"कुठे दुखत नाही ते विचारा."

"व्यायामाने फरक पडेल असं वाटतं का त्यांना?"

"त्यांना कशानेच काही होईल असं वाटत नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा म्हणाले होते, बघू किती टिकतंय."

बाई हसल्या. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग हिची पाळी. बाहेर रांग वाढत होती, म्हणून मीच पटापट सांगून टाकलं. झोप? डोकं टेकलं की घोरते. दुखणं? दोन, फार तर तीन. दिवसभर भिंगरीसारखी फिरत असते. आणखी कुठे दुखतं? कुठेच नाही. ही काहीतरी बोलणार होती बहुतेक, पण तिला खोकला आला. मन उदास असतं का? हिचं? ही भांडी घासतानासुद्धा गुणगुणते. बाईंनी हिच्याकडे पाहिलं. ही हसली. ही नेहमीच हसते.

बाईंनी बटण दाबलं. माझ्या नावापुढे लाल पट्टी, हिच्या नावापुढे हिरवी. म्हणजे ही व्यायामाने बरी होणार आणि मी होणार नाही. डॉक्टर म्हणाला, "तरी तीन महिने व्यायाम करून बघू. एप्रिलमध्ये या. फरक नसला तर तुमचं नाव यादीत."

येताना ही म्हणाली, "मशीनच ते. चुकतही असेल." मी म्हटलं, तुझ्या बाबतीत बरोबर आणि माझ्या बाबतीत चूक, असं कसं असेल?

८ जानेवारी

नऊ.

ऑपरेशनची भीती वाटते असं म्हणणाऱ्यातला मी नाही. पण खालच्या मजल्यावरचा शिंपी रोज डोळ्यांसमोर असतो. त्याचा गुडघा कापून नवा बसवला, आणि आता तो पाय धड वाकत नाही. एक पाय सरळ काठीसारखा पुढे काढून मशीनवर बसतो. आल्यागेल्याला पँट वर करून व्रण दाखवतो. गुलाबी, फुगीर, मोठं गांडूळ चिकटल्यासारखा. आजही दाखवला. वर म्हणतो, "हात लावून बघा ना." मी जिना चढून आलो आणि आधी हात धुतले. लावला नव्हता तरी.

१२ जानेवारी

नऊ. खरं तर साडेनऊ, पण बाई म्हणाल्या अर्धे लिहायचे नाहीत.

हे कसले व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवायची आणि ती दाबायची. खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि परत बसायचं. एक रबरी पट्टी दिली आहे, ती पायात अडकवून ताणायची. जुन्या टायरसारखा वास येतो तिला. ती पट्टी माझ्याआधी कुणाच्या पायात होती देव जाणे. मी ती तीनदा साबणाने धुतली, तर हातांनाच वास लागला.

उठताबसताना गुडघा असा वाजतो की वाटीत खडी हलवल्यासारखं वाटतं. स्वतःच्याच अंगाची किळस यावी असा आवाज. ही पलंगावर बसून तिचे व्यायाम करते आणि माझे मोजते. मधेच मोजायचं सोडून हसते.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. तुमचं तोंड बघून वाटतं, खुर्चीच तुमच्यावर बसलीय."

लाल पट्टीवाल्याला सगळे हसतात.

१९ जानेवारी

नऊ.

स्वयंपाकघरातून न्हाणीकडे जाणाऱ्या बोळातल्या भिंतीला डाग पडला आहे. गेल्या वर्षी मी स्वतः पांढरा रंग दिला होता. कमरेच्या उंचीवर तेलकट, करड्या बोटांचा पट्टा. एवढ्या स्वच्छ घरात असला घाणेरडा हात कुणाचा?

पाण्याचा कॅन आणणारा आत येत असणार. आज आल्यावर त्याला झापलं. तो म्हणाला, "काका, मी कॅन दारात ठेवतो. आत कधी आलोय?" चोर कधी म्हणतो का मी चोर. साबणाच्या फडक्याने भिंत पुसून काढली. ही दारात उभी राहून बघत होती. म्हटलं, उभी राहून काय बघतेस, दुसरं फडकं दे. म्हणाली, "घ्या ना तुम्हीच, तिथेच आहे हाताशी."

२ फेब्रुवारी

नऊ. पायऱ्यांवर नऊ, एरवीही नऊच धरा.

हल्ली हिला गच्चीवर जायचा कंटाळा आला आहे. धुतलेल्या कपड्यांची बादली माझ्यासमोर ठेवते आणि म्हणते, "माझे व्यायाम राहिलेत. तुम्ही टाकून या." हिरव्या पट्टीच्या माणसाला आराम आणि लाल पट्टीवाल्याने बादल्या वाहायच्या. हा कुठला न्याय?

गच्ची म्हणजे कबुतरांचा संडास झाला आहे. कपड्यांच्या दोरीखालीच. मी परत खाली येऊन झाडू आणि पाणी घेऊन गेलो, सगळं खरडून धुतलं. खाली येऊन बघतो तर चिमटे वरच राहिलेले, मग पुन्हा वर. शेवटी वैतागून बसलो. आमच्या इमारतीत बाकीच्यांना कबुतरांची घाण दिसतच नाही, की त्यांना ती आवडते?

१४ फेब्रुवारी

आठ. पण हा आकडा बाईंसमोर त्यांच्या हट्टापायी दिला. मनातून नऊच.

महिन्याची तपासणी. बाईंनी मला खुर्चीवरून उठबस करायला लावली, घड्याळ लावून. नुसतं "हं" म्हणाल्या. मग हिला करायला लावली. ही दोनदा उठली आणि तिसऱ्यांदा खुर्चीचा दांडा धरला. बाईंनी कपाळाला आठी घातली.

"काकू, तुमच्यात फरक दिसायला हवा होता. कम्प्युटर तर हिरवं म्हणतोय. व्यायाम नेमाने करता ना?"

"करते की," ही म्हणाली.

मी म्हटलं, "आळस करते. पूर्वी भिंगरी होती, आता दुपारची बसल्या बसल्या पेंगते."

बाई म्हणाल्या, "नेमाने करा हं. अंदाज चांगला आहे, म्हणजे फरक येईलच." त्यांनी व्यायाम वाढवून दिले. हिने मान हलवली.

बसमधून येताना ही खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं बोलणी खाल्ली म्हणून रुसली. मी तरी काय खोटं बोललो? माझ्या शेजारी एक गृहस्थ नखं कुरतडत होता आणि तुकडे खाली थुंकत होता. त्यातच सगळा रस्ता गेला.

२५ फेब्रुवारी

आठ.

शिंपी वर आला होता, माझ्या पँटची कंबर कमी करून घेऊन. माझं वजन उतरलं आहे. काळजीने, दुसरं काय. त्याला चहा दिला, तर कप हातात धरूनच पँट वर केली. मी तोंड फिरवलं.

पण ही त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि खोदून खोदून विचारायला लागली. भूल देताना काय वाटतं? दुसऱ्या दिवशी उभं करतात का? किती दिवसांनी एकट्याने न्हाणीत जाता आलं? रात्रीचं दुखणं थांबलं का? एरवी ती त्याच्याशी बाहीच्या मापाशिवाय बोलत नाही. माझ्यासाठीच विचारत होती, उघड आहे. म्हणजे तीही धरून चालली आहे की माझं नाव यादीत जाणार.

शिंपी म्हणाला, "वहिनी, माझा पाय वाकत नाही तो ऑपरेशनने नाही. नंतर व्यायाम केला नाही, म्हणून. दुखणं मात्र गेलं ते गेलंच. पहिल्या आठवड्यात मी लेकरासारखा झोपलो."

"झोपलात?" हिने विचारलं. एवढंच परत परत. "खरंच झोप लागली?"

तो गेल्यावर मी तिला सांगितलं, माझ्यासाठी एवढ्या चौकशा नकोत, मी काही कापून घेणार नाही. ती म्हणाली, "बरं."

८ मार्च

आठ.

भाजीबाजारात पाठवलं. पूर्वी ती स्वतः जायची आणि मला तिथली घाण बघावी लागायची नाही. सडलेली पानं पायाखाली, त्यांवरून लोक खुशाल चालतात. एकाने पालकाच्या जुडीत मधे पिवळी पानं दडवली होती. मी जुडी सोडून दाखवली. तो म्हणाला, "काका, पाहिजे तर घ्या, कुंडली काढू नका." तिथून उठलो तो थेट पुलापलीकडच्या बाजारात गेलो. तिथे भाजी बरी आहे पण माणसं तशीच. दोन पिशव्या घेऊन जिना चढलो. मधल्या मजल्यावर कुणीतरी केळ्याची साल टाकली होती, ती उचलायला वाकलो आणि तशीच घेऊन परत खाली जाऊन त्यांच्याच दारासमोर ठेवली.

वर आल्यावर ही म्हणाली, "इतका वेळ? पुलापलीकडे गेलात? चालत?"

मी म्हटलं, मग काय पालखीतून?

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अहो, लिहिता ना हे वहीत? बाईंना दाखवा."

बाईंना भाजीवाल्याची तक्रार दाखवून काय होणार आहे?

१७ मार्च

सात, आठ. आकड्यांचाही वीट आला.

बोळातला डाग पुन्हा आला आहे, आणि आता लांब झाला आहे. स्वयंपाकघराच्या चौकटीपासून न्हाणीच्या कडीपर्यंत, जणू कुणी मुद्दाम हात पुसत गेलं आहे. कॅनवाल्याला मी दारातूनच कॅन घेतो, म्हणजे तो नव्हे. मग कोण? मी रोज सकाळी पुसतो, दुसऱ्या दिवशी असतोच. रंग निघायला लागला आहे. हिला विचारलं तर म्हणाली, "असेल कुणाचा तरी."

घराची कळा गेली आहे. ही आता भाजी पलंगावर बसून सोलते. सालं चादरीवर. मटाराची एक शेंग मला उशीखाली सापडली. अंथरुणात भाजी, अजून काय बघायचं राहिलं? आयुष्यभर जिने मला बूट घालून उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, तिचं हे वागणं. मी बोललो तेव्हा तिने सालं गोळा केली, एकेक करून, आणि टोपली माझ्या हातात दिली. स्वतः उठली नाही.

भांडीही हल्ली मीच घासतो. ती कपडे आणि पीठ तेवढं बघते. गुणगुणणं बंद आहे. त्यामुळे एक बरं झालं, रेडिओ नीट ऐकू येतो.

३० मार्च

नऊ लिहितो. कारण आठवड्यात तपासणी आहे आणि मी रात्री उठून उठून गुडघा चाचपतो.

काय सांगायचं ते मनात घोळवतो आहे. डॉक्टरसाहेब, मला कापू नका. हा गुडघा जसा आहे तसा माझा आहे. टेबलावर गेलो आणि उठलोच नाही तर हिचं कसं होणार? ही भित्री आहे. एकटी दवाखान्याच्या पायरीलासुद्धा उभी राहायची नाही.

हिला हे सगळं सांगितलं. ती उशीला टेकून पाय लांब करून बसली होती, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला, आणि म्हणाली, "तुम्हाला नाही कापणार ते."

"तुला काय माहीत? मशीनने लाल सांगितलंय."

"मशीनला मी सांगितलं होतं. तेव्हाचं सांगितलं होतं मी. आता तुम्ही सांगा."

"मी काय वेगळं सांगणार?"

"आज गच्चीवर किती वेळा गेलात?"

म्हटलं, मोजायला मी रिकामटेकडा आहे का. त्या कबुतरांनी कुंडीत घरटं केलं आहे, त्यात काड्यांबरोबर एक वापरलेला इयरबड होता. त्याची किळस येऊन मी ते तीनदा उचलून पलीकडच्या पत्र्यावर ठेवलं, तर तीनदा परत आणलं.

ही हसली, पुष्कळ दिवसांनी. मग हसता हसताच तिने ओठ दाबले आणि डोळे मिटून घेतले. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "काही नाही, ठसका."

७ एप्रिल

आज आकडा शेवटी लिहितो.

दवाखान्यात तीच घाण. आत दोन खोल्यांमध्ये फक्त पडदा, आणि तो पडदा कधी धुतला असेल तर तो मुहूर्त कुणाला आठवत नसेल. बाईंनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, आधी हिचं उरकून घेऊ, हिचं सोपं आहे. झोप बरी, दुखणं...

तेव्हा ही म्हणाली, "बाई, यांना बाहेर बसवा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाईंनाही तसंच वाटलं असावं. हिने पुन्हा सांगितलं, हळू आवाजात, पण स्पष्ट. "यांना बाहेर बसवा. माझं मला सांगायचंय."

इतक्या वर्षांत मला कुणी खोलीतून बाहेर काढलं नव्हतं. चारचौघांत बायकोने काढलं. मी पडद्याबाहेरच्या चिकट खुर्चीवर जाऊन बसलो. समोर फरशीचा एक कोपरा उचकटलेला होता, त्याच्याकडे बघत.

पडद्यातून सगळं ऐकू येतं. मी कान देत नव्हतो. तरी येतं.

बाईंनी झोपेचं विचारलं. ही म्हणाली, "कसली झोप. ते कण्हतात म्हणून नाही, तसं त्यांना वाटतं. मी पडून राहते. सकाळ कधी होते त्याची वाट बघते."

दुखणं दहापैकी किती?

ही म्हणाली, "मला आकडे नाही सांगता यायचे. चपला घालताना पाय उचलत नाही. न्हाणीत जाते ती भिंतीला धरून."

"आणखी कुठे दुखतं, गुडघ्याशिवाय?"

"गुडघा दुखतोच. पण सुरुवात इथून होते." मग अगदी हळू, "जांघेत. ते सांगायची लाज वाटत होती. त्या दिवशी सांगणार होते, तेवढ्यात हे म्हणाले, कुठेच नाही."

मग बाईंनी विचारलं, "घरी कुणाला सांगितलं नाहीत, काकू?"

ही म्हणाली, "सांगायचं कशाला? भिंतीवर माझा हात रोज उमटतो. हे रोज पुसतात. मला वाटायचं, एक दिवस विचारतील, कुणाचा हात म्हणून. मला खरंच विचारलं त्यांनी एकदा. पण तोंड असं केलं होतं की मी म्हटलं, असेल कुणाचा तरी."

मी त्या उचकटलेल्या फरशीवर पाय ठेवून बघितला. पोकळ वाजली.

हिला मी इतका वेळ सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बोलतच राहिली. बाईंनी तिला पलंगावर निजवून पाय आत-बाहेर वळवला असावा, कारण मधेच एक आवाज आला. तो मी इथे लिहीत नाही.

डॉक्टर आला. वेगळा फोटो काढला. या वेळी खुब्याचा. डॉक्टरने मला आत बोलावून दाखवला. हिचा गुडघा चांगलाच आहे, दुखणं खुब्यातलं, ते खाली गुडघ्यात उतरतं. खुबा पार झिजला आहे. गुडघ्याच्या व्यायामाने काय होणार? मी म्हटलं, मग तुमच्या कम्प्युटरने हिरवं कसं दाखवलं?

डॉक्टर म्हणाला, "त्याला जे सांगितलं त्यावरून त्याने अंदाज केला. आणि खुबा तेव्हाच हलवून बघायला हवा होता, तो आम्ही नाही बघितला. हिरवं दिसलं आणि आम्हीही निर्धास्त झालो."

बाई जमिनीकडे बघत होत्या. मी पण.

"आता काय?"

"खुबा बदलावा लागेल. यादीत नाव घालतो. काकू तयार आहेत."

मी हिच्याकडे पाहिलं. ही पलंगाच्या कडेला बसून चपलेत पाय सरकवायचा प्रयत्न करत होती. म्हणाली, "शिंप्याला विचारून ठेवलंय मी सगळं."

मग बाईंनी मला खुर्चीवर बसवलं. उठबस, घड्याळ लावून. जिना चढून उतरून दाखवा म्हणाल्या, दाखवला. वही घेतली आणि चाळली. मधेच हसल्या, कबुतरांपाशी असाव्यात. मग म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा हं आजोबा, तुमचं तुम्ही. दहापैकी किती?"

मी सवयीने हिच्याकडे बघितलं. ही चपलेकडे बघत होती. कुणी माझ्यासाठी नऊ म्हणालं नाही.

शेवटी मीच म्हणालो, तीन.

बाई म्हणाल्या, "तुमचं नाव यादीत नाही घालत मी."

जे व्हायला नको म्हणून मी तीन महिने घाबरलो, ते झालं नाही. ते हिच्याकडे गेलं. मला बरं वाटायला हवं होतं. शिसारी आली. कुणाची ते लिहीत नाही.

जाण्याआधी मी खाली बसलो. गुडघ्यावर बसलो तेव्हा तो वाजला, पण बसता आलं. हिची चप्पल पायात सरकवली. ही म्हणाली, "अहो, लोक बघतायत." मी म्हटलं, बघू देत, इथली फरशी बघण्यापेक्षा बरं.

९ एप्रिल

तीन.

आज सकाळी फडकं घेऊन बोळात गेलो आणि तसाच उभा राहिलो. डाग होता. जवळ जाऊन बघितलं. चौकटीपाशी बोटं वेगवेगळी दिसतात, पुढे न्हाणीकडे सगळा तळवाच. म्हणजे तिथपर्यंत जाता जाता तिचा भार वाढतो. इतके दिवस पुसताना मी हे बघितलं नव्हतं. मी नुसती घाण बघत होतो.

शिंप्याकडून ड्रिल आणलं. व्रण दाखवायला लागला तर या वेळी बघितला. विचारलं, "पहिल्या दिवशी उभं करतात तेव्हा धरायला काय असतं?" म्हणाला, "जे हाताला येईल ते."

नळवाल्याकडून पाइप आणि कड्या आणल्या. गुळगुळीत पाइप मागितला तर त्याने गंजलेला पुढे केला. परत दिला, दुसरा काढायला लावला.

सरळ-वाकडं बघायची लेव्हल घेतली, सवयीने, आणि भिंतीला लावली. तेव्हा दिसलं की डाग सरळ जातच नाही. चौकटीपाशी वर आहे आणि न्हाणीकडे खाली उतरत जातो, चांगला चार बोटं. हिचा हात तसा खाली येत जातो. पाइप सरळ ठोकला असता तर शेवटी तिला तो उंच पडला असता, नेमका जिथे जास्त लागतो तिथे.

लेव्हल खाली ठेवली. डागावरून खुणा केल्या आणि पाइप डागावर ठोकला.

आवाजाने ही पलंगावरून उठून आली. भिंतीला हात टेकणार, तो पाइपवर पडला. तिने तो धरला. न्हाणीपर्यंत गेली आणि परत आली.

मग म्हणाली, "वाकडा ठोकलात."

म्हटलं, हो.

"तुम्ही?"

म्हटलं, हो. आता बोलू नकोस, चाल.

जन्मभरात एवढं वाकडं काम मी कुणाच्या घरी केलं नाही. येताजाता बघवत नाही. डागही तसाच आहे पाइपमागे, तो आता पुसायला हात पोचत नाही. राहू दे.